कंपनी माझी कोण लागती?

परांड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची बस लागली तेव्हा आईनं रडण्यात वेळ घालवला नाही. लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले होते. तिनं ट्रंक आत सरकवली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाली, "तिकडं कुणाचं फुकट खाऊ नगं. आन कुणाला फुकट राबवू बी नगं." बस सुटायच्या आत ती घराकडं वळलीसुद्धा. म्हशीची धार काढायची होती.

तुम्ही जे तिथंच राहिलात, तुम्हाला वाटतं की पुण्यात गेलं की माणूस बदलतो. फार नाही. मी दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते. समोरचा 'लई' म्हणाला की मी त्याला गाव नाही, तालुका विचारते. आणि आमटीला अजून येसरच लागतं. डाळ, गहू, धने, खोबरं भाजून दळलेलं हे पीठ आई पाठवायची. दवाखान्यात सोबत डबा खाणाऱ्या मैत्रिणींना त्याची चटक लागली, मग त्यांच्या शेजारणींना, आणि मी पैसे घ्यायला लागले. गेल्या वर्षी एका खानावळवाल्यानं दर महिन्याला माल मागितला, पण पक्क्या बिलावर.

म्हणजे नोंदणी आली, अन्न परवाना आला आणि कर आला. नवरा म्हणाला, वरकमाई कोण विचारतंय? वरकमाई टेबलाखालून घेतात. माझी टेबलावरची होती.

कर सल्लागार बाईंनी नीट समजावलं. पगार वेगळा दाखवायचा, व्यवसाय वेगळा. खर्च वजा जाऊन उरेल ते उत्पन्न. मग त्यांनी विचारलं, माल कोण करतं? आई. तिला काय देता? मी म्हटलं, काही नाही, आई आहे ती.

"म्हणजे कामगार फुकट आहे," त्या म्हणाल्या.

बसच्या खिडकीतलं ते वाक्य मला इतक्या वर्षांनी नेमकं लागलं. मी तिथंच ठरवलं, आई मजुरी घेईल तर पुढं जायचं, नाहीतर खानावळवाल्याला नकार द्यायचा.

आईनं फोनवर साफ नाही म्हटलं. आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी घेताना विचार करतात, पैसे तर लांबच. गल्लीत तोंड कुठं दाखवू, म्हणाली. शिवाय बाईमाणसानं 'धंदा' म्हणायचं न्हाय, काम म्हणायचं, हेही ऐकवलं. मी पुन्हा पुन्हा विषय काढला, ती म्हशीवर घसरली. शेवटी खानावळवाल्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं.

आणि एका दुपारी तिचाच फोन आला. माझ्याकडून ऐकून वहिनीनं तिला सांगितलं होतं की पैसे 'परांडा येसर' नावाच्या खात्यातून येणार.

"तुझ्या नावाचं न्हाय का ते?"

म्हटलं, खात्यावर नाव येसराचं आहे.

"मग घेते. तू लेक हायेस. ती कंपनी माझी कोण लागती?"

कायद्यानं मी आणि माझा व्यवसाय एकच, हे बाईंनी मला दोनदा समजावलं होतं. मी आईला एकदाही सांगितलं नाही. तिला ते कळत नसेल, असं मला वाटत नाही.

पहिली मजुरी जमा झाली आणि आईचा सूरच बदलला. धने महागलेत, गिरणीवाल्यानं दर वाढवलाय, वहिनीलाही हाताखाली घेतलंय, तिचं काय? तुझ्या कंपनीला सांग, म्हणते. मी म्हणते, कंपनी विचार करेल. यंदा विवरणपत्र भरताना मजुरीचा आकडा मी इतक्या ताठ मानेनं सांगितला की बाई हसल्या.

पूर्वी माहेरी गेले की मी पाहुणी असायचे. बस, दमलीस, हात लावू नगं. आता दारातच आई विचारते, लेक म्हणून आलीस का कंपनी म्हणून? मी दोन्ही म्हणते. मग आधी येसराच्या दरावरून आमचं चांगलं वाजतं, वहिनी तिची बाजू घेते, मी एकटी पडते. आणि दर ठरला की आई मला म्हणते, ऊठ, भाकरी थाप, सगळ्यांना भुका लागल्यात. इतक्या वर्षांत त्या घरात मला कुणी काम सांगितलं नव्हतं.