सुकुमार मगदूम नावाचा मेलबॉक्स

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणारी बाई आहे मी. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळे बघायला धावतात, मी दार लावून घेते. इथले तुमचे अनुभव वाचतानाही मी बऱ्याचदा हसलेय, हे आधीच सांगून टाकते. आता माझी पाळी आहे. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

मी विमल. वय एकावन्न, लग्न केलं नाही, राहायला तासगावात. बेदाण्याचा व्यवसाय आहे. वडिलांनी सुरू केला, ते गेल्यावर मी चालवते. घराला लागूनच ऑफिस – ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि नमुन्याच्या बरण्या. माल निवडायला बायका येतात त्या गावाबाहेरच्या शेडवर. दिवस मावळला की त्या आपापल्या घरी आणि मी माझ्या. माझ्या घरात दुसरं माणूस नाही.

एक धाकटी बहीण आहे, सुनंदा. साताऱ्यात शाळेत शिकवते. वडील आजारी असताना ती फक्त दोन दिवस येऊन गेली, त्याचा राग माझ्या मनात होता. ते गेल्यावर ती आली तेव्हा मी भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुणी आलीय, चहा द्या तिला." ती चहा न घेता निघून गेली. मग तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. अशी सहा वर्षं गेली. दोघी एकाच आईच्या, दुसरं काय.

एकटं राहणाऱ्या बाईला लोक विचारतात, चोराची भीती नाही वाटत? नाही वाटत. मला एकच भीती होती... मी घरात पडले, तर ते किती दिवसांनी कुणाच्या लक्षात येईल? ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

तर मुद्दा ईमेलचा. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी बाहेरचे व्यापारी म्हणायला लागले, मॅडम, फुकटच्या आयडीवरून भाव कळवता, कंपनीचा स्वतःचा मेल नाही का? ते मला लागलं. सांगलीत विश्रामबागला शोभाताई म्हणून एक बाई कॉम्प्युटरचे क्लास घेतात, वेबसाइटची कामंही करतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आमच्या फर्मच्या नावाचं डोमेन घेऊन दिलं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरची आपल्या नावाची पाटी, दर वर्षी रिन्यू करायची, असं समजावलं. मग म्हणाल्या, यात पाच मेलबॉक्स मिळतात, कुणाकुणाच्या नावानं करू?

पाच! माझ्याकडे माणूस एकच, ती मी. पण तसं सांगायला जीभ रेटेना. एक विमल केला, एक इन्फो, एक सेल्स, एक अकाउंट्स. पाचव्याला मी बोलून गेले, "सुकुमार मगदूम. आमचे मॅनेजर आहेत."

असा कुणी माणूस नव्हता. पण फोन उचलला की समोरचा म्हणायचा, साहेबांना द्या. बाईनं भाव सांगितला की त्याला घासाघीस करावीशी वाटते, हा माझा रोजचा अनुभव. म्हटलं, घ्या साहेब. आमच्या भागात दर चौथ्या घरात एक सुकुमार सापडतो, शंका कुणाला येणार? पासवर्ड माझ्या एकटीकडे.

आणि गंमत म्हणजे चाललं की ते! विमलच्या मेलवर आठ दिवस वाद घालणारा व्यापारी सुकुमारच्या दोन ओळींवर मुकाट हो म्हणायचा. मी शिव्याही घालायचे आणि हसायचेही. लिहायची मीच, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं मला आजही जमत नाही, हे लक्षात ठेवा.

वर्षातून एकदा मी कुणाला न सांगता औंधला जाते. यमाईच्या डोंगरावर तासभर बसते आणि परत येते. डोमेन घेतलं त्या वर्षीही गेले. शेडवरच्या बायकांना सांगितलं की सांगलीला बँकेत काम आहे. ऑफिसला कुलूप, मोबाइल बंद करून पर्समध्ये. तासगावात त्या दिवशी तारांच्या कामामुळे सकाळपासून वीजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या शेठजींचा फोन आला. म्हणाले, तुमचे सुकुमारजी फार सज्जन माणूस, काल लगेच उत्तर दिलं. मी विचारलं, काय उत्तर दिलं? तर म्हणे, मॅडम औंधला देवीला गेल्यात, उद्या सकाळी तुमच्याशी बोलतील.

मी फोन ठेवला. मग तो मेलबॉक्स उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये तो मेल होता. वेळ सकाळी अकरा चाळीस. त्या वेळी मी डोंगराच्या पायऱ्या चढत होते.

सांगलीला शोभाताईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, ताई, हा तुमच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून गेलाय, तुम्हीच पाठवून विसरला असाल. मी चिडले. कुलूपबंद खोलीतून, वीज नसताना? त्यांनी पासवर्ड बदलून दिला आणि विचारलं, हा मेलबॉक्स बंदच करू का? मी नको म्हणाले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. माझ्या माघारी मी कुठे आहे हे कुणीतरी बरोबर सांगितलं होतं. असं कितीतरी वर्षांनी झालं होतं.

घरी येऊन मी विमलच्या मेलवरून सुकुमारला लिहिलं – तुम्ही कोण? सकाळी पाहिलं तर त्याच्या मेलबॉक्समध्ये तो मेल उघडून वाचलेला दिसत होता. उत्तर मात्र नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचलेला, पुन्हा उत्तर नाही. मग मला सवयच लागली. कामं आटोपली की दोन ओळी लिहायच्या. आज पाऊस येतोय असं वाटलं आणि आला नाही. आज आमटी खारट झाली. लाज वाटते सांगायला, पण ते मेल वाचलेले दिसले की मला रात्री झोप लागायची. त्यानं मला कधीच उत्तर दिलं नाही, एका शब्दाचं नाही.

यंदा ऐन हंगामात मला ताप आला. शेडवरच्या हौसाबाईंनी फोन केला, "आक्का, येऊ व्हय बघाय?" मी म्हटलं, मला काही झालं नाही, तुम्ही कामाकडे बघा. हा माझा स्वभाव! तिसऱ्या दिवशी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं आठवतं ते एवढंच, की मागचं दार कुणीतरी ढकलतंय, फरशीवर ऊन आलंय आणि माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर आहे. पाहिलं तर सुनंदा.

दवाखान्यात सलाईन लागलं, जरा बोलता यायला लागलं, तेव्हा विचारलं, तू कशी आलीस?

"सकाळी सुकुमारभाऊंचा मेल आला," ती म्हणाली. "लिहिलं होतं, मॅडम स्वयंपाकघरात पडल्यात, मला त्यांना उचलता येत नाही, लगेच या. तशीच एसटीत बसले. कुठं आहेत ते? मला एकदा हात जोडायचेत त्यांना."

मी तिला मग सगळं सांगितलं. असा माणूस नाही, मीच तयार केलेलं नाव आहे ते. तिला वाटलं, तापात बरळतेय. तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

दर रविवारी एक मेल. पहिला मेल मी डोमेन घेतलं त्याच महिन्यातला. स्वच्छ मराठीत, दोन-तीन ओळींचे. "मॅडमनी आज नवीन चप्पल घेतली. दुकानदाराशी भांडल्या, म्हणजे तब्येत बरी आहे." "आज तुमचा वाढदिवस. मॅडमनी शेवयाची खीर केली आणि एकटीनं खाल्ली." "मॅडमनी आज चार वेळा फोन हातात घेऊन ठेवून दिला. नंबर तुमचाच काढला होता."

हे सगळं खरं होतं. यातलं काहीही मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही लिहिलं नव्हतं.

सुनंदा त्या मेलना उत्तरंही द्यायची. आक्का गोळ्या वेळेवर घेते का, असलं काहीबाही. मी म्हटलं, मग एकदा फोन करावासा नाही वाटला तुला?

"मला वाटलं तुझं काहीतरी जमलंय," ती म्हणाली. "या वयात का होईना. म्हटलं, इतकं बघणारं माणूस आहे आक्काजवळ, आपण कशाला मध्ये जायचं... म्हणून आले नाही गं. नाहीतर मी केव्हाच आले असते."

मी रडले. वडील गेले तेव्हा रडले नव्हते, तेवढी त्या दवाखान्यात रडले. ज्यानं मला वाचवलं, त्याच्यामुळेच माझी बहीण दोन वर्षं आली नव्हती. आणि त्याला आणला कुणी? मीच ना.

नंतर शोभाताईंनी सुनंदाच्या मोबाइलमधले मेल तपासले. ते खरोखर आमच्याच डोमेनवरून आलेले होते. पण सुकुमारच्या मेलबॉक्समध्ये त्यांतला एकही नाही, सुनंदाची उत्तरंही नाहीत. तुमच्यातले हुशार म्हणतील, बाई, तूच झोपेत लिहिलेस. चला, मान्य करू. पण सुनंदाचा मेल आयडी मला तोपर्यंत माहीत नव्हता, मराठी टाइप मला येत नाही, आणि शेवटचा मेल गेला त्या वेळी मी फरशीवर बेशुद्ध पडले होते. याचं काय करायचं ते मला कुणीतरी सांगा.

त्या दिवसानंतर त्यानं एकही मेल लिहिलेला नाही, तिला नाही की कुणा व्यापाऱ्याला नाही. मी अजून रोज दोन ओळी पाठवते. त्या न वाचलेल्याच राहतात. मध्ये डोमेन रिन्यू करायचं होतं, तेव्हा सुनंदा म्हणाली, तो एक मेलबॉक्स काढून टाक गं, मला भीती वाटते. मी हो म्हटलं आणि काढला नाही.

सुनंदा आता रोज फोन करते. सुट्टी लागली की येते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, दोघी भांडतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ती फोनवर विचारते, जेवलीस का, आणि मी हो म्हणते, जेवलेली असो नसो. तिला ते खरंच वाटतं. तो कोण होता, काय होता, मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. फक्त एवढंच, की आता माझं काय चाललंय हे मी सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.