सांगलीच्या गौरी

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच आमच्या आक्काला सासरच्यांनी साताऱ्याला आणून सोडलं. भांडण नाही, मारहाण नाही. मेहुणे सांगलीहून स्वतः आले, तिची ट्रंक ओसरीवर ठेवली, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणून गेले. पुढं त्यांनी काहीच कळवलं नाही. वडील निवृत्त मामलेदार. "कळवतो" हे उत्तर त्यांनी स्वतः आयुष्यभर लोकांना दिलेलं. त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यांना त्यात काही गैर दिसलं नाही.

सांगलीहून निरोप यायचा तो फक्त भाद्रपदात. आक्काच्या सासूबाई विधवा, घरात दुसरी सून नाही. गौरी उंबऱ्यातून आत आणायला सवाष्ण लागते, आणि ती घरचीच हवी असा सासूबाईंचा हट्ट. मग त्यांच्या शेतावरचा गडी साताऱ्याला येई आणि त्याच्यासोबत आक्का सांगलीला जाई. जगाच्या गौरी तीन दिवस माहेरी येतात. आमची तीन दिवस सासरी जायची. नथ घालायची, पावलं काढायची, पुरणाचा स्वयंपाक करायचा, नवऱ्याला वाढायचं. मेहुणे पाटावर बसून "मीठ" किंवा "ताक" एवढंच बोलत. विसर्जन झालं की हिचीही पाठवणी.

आईला हे सहन होत नसे. वडील म्हणत, "देवाचं काम अडवणारे आपण नव्हे. आपली रीत लोक बघतात." लोक बघत होते, हे खरं.

तो गडी जतकडचा धनगर. एकदा चहा पिता पिता त्यानं मला विचारलं, "मास्तर, ताईसाबांचं काय ठरलं?"

"काही नाही."

"आमच्यात पंचांम्होरं काडी मोडली की मोकळं. सकाळी मोडली तर सांजच्याला दोगंबी आपापल्या वाटंनं. तुमच्यात लय लांबड हाय बगा."

"आमच्यात काडीच नाही," मी म्हणालो. त्याला हसू आलं नाही.

काडी आली ती स्वातंत्र्याच्या वर्षी. मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदा झाला. नवऱ्यानं सलग चार वर्षं टाकलं असेल तर बायको दावा लावू शकत होती. सांगली संस्थान असल्यामुळे आधी ते विलीन होईपर्यंत थांबावं लागलं. सप्तपदीला घटकाभर पुरते. उलट चालायचं तर राज्यं बुडावी लागतात.

घाईला कारण होतं. पाचगणीच्या एका शाळेतले शिक्षक आमच्याकडे येत. बायको वारलेली, पदरात लहान मुलगी. ती मुलगी आल्या आल्या आक्काच्या मांडीवर बसे. शिक्षकांनी आईला सरळ सांगितलं होतं, "त्या मोकळ्या झाल्या तर मी मागणी घालीन." तेव्हापासून आक्का स्वयंपाकघरात गुणगुणू लागली होती. हे घरात सगळ्यांना ऐकू येई आणि कुणी बोलत नसे.

वडिलांनी महिनाभर शास्त्र काढलं, मग वकील गाठला. दावा साताऱ्याला लागला. त्याही भाद्रपदात गडी आला, तेव्हा वडिलांनी आक्काला पाठवलं. "दावा वेगळा, देव वेगळा," म्हणाले. वकिलांना विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. गौरींचा कोर्टाशी काय संबंध?

साक्षीला वडील पगडी घालून उभे राहिले. समोरच्या वकिलांनी अगदी नम्रपणे विचारलं, "म्हणजे आपली मुलगी सासरचा उंबरठा पुन्हा चढलीच नाही?"

वडील ताठ झाले. "कोण म्हणतं? तिनं एकाही वर्षी गौरी चुकवल्या नाहीत."

"त्या घरी राहून?"

"अर्थात. नवऱ्याला हातानं वाढून आली आहे."

"यंदासुद्धा?"

"यंदासुद्धा."

वकील आभार मानून खाली बसले. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला. टाकणं सलग हवं, आणि आमचं दर भाद्रपदात तुटत होतं. दावा फेटाळला. शेवटच्या गौरींपासून चार वर्षं पुरी होतील तेव्हा पुन्हा यावं. आम्ही टांग्यातून घरी परतलो. वडिलांनी पगडी काढून मांडीवर धरली होती.

शिक्षक भेटायला आले. "मी थांबलो असतो," ते आक्काला म्हणाले, "पण पोरीला आई आत्ता हवी आहे." आक्कानं मान हलवली आणि मुलगी काय खाते, कशानं रडते, हे त्यांना नीट सांगितलं, नव्या बाईला उपयोगी पडेल म्हणून. श्रावणात त्यांचं लग्न झालं.

भाद्रपदात गडी आला. या खेपेला आक्का स्वतः ओसरीवर गेली.

"सासूबाईंना सांगा, मी येणार नाही."

"आवं ताईसाब, मग गौरी कोन आननार?"

"ते त्यांनी बघावं."

वडील दाराशी आले. वर्षात खूप थकले होते. "जा की या वर्षी," ते हळू आवाजात म्हणाले. "आता घाई कुणाला आहे?"

"मला," आक्का म्हणाली, आणि गड्यासाठी चहा टाकायला आत गेली.