पडद्याआडचं बसकर

भूमच्या शाळेचा इतिहास सांगायला गावातल्या पोरांनी मला एका कार्यक्रमात बोलावलं आहे. वर सूचनाही केली, "आजी, निजामाच्या काळातलं जास्त नको. मुलींची शाळा खरी स्वातंत्र्यानंतरच सुरू झाली." आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. म्हणजे त्याआधी मी शिकले ते काय हवेत बसून?

हवेत नाही, बसकरावर बसून. मुलींची सरकारी शाळा पेठेमागं एका भाड्याच्या घरात भरायची. जमीन शेणानं सारवलेली, बाकडं एकही नाही. प्रत्येकीनं घरून बसकर आणायचं. माझं आईनं पोत्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून केलेलं. ते शाळेतच राहायचं. मुलीचं लग्न ठरलं की घरचं माणूस यायचं आणि बसकर उचलून न्यायचं. बसकर गेलं म्हणजे शाळा संपली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

शाळेच्या दाराला जाड पडदा होता. त्याच्या आत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, मग तो तहसीलदार का असेना. आमच्या बाई मुसलमान, अंगानं काडी आणि नजरेनं भारी. पाटीवर आधी उर्दू, मग उरलेल्या जागेत मराठी. सकाळी निजामाला उदंड आयुष्य मागणारी प्रार्थना असे. मी नुसते ओठ हलवायची. बाईंना ते दिसायचं, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

मग रझाकारांची धास्ती आली. रोज नवी अफवा, रोज कुणीतरी बसकर न्यायला दारात. सारवलेल्या जमिनीवर उचललेल्या बसकरांच्या जागा फिक्या दिसत. बाई मात्र बुरखा घेऊन एकट्या गल्लीतून यायच्या आणि कुलूप काढायच्या. माझी चौथीची परीक्षा तोंडावर होती. ती पास झालीस तर मास्तरीण होशील, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं. दुसरं काही नाही.

आमच्या घरात शब्द चालायचा तो काकांचा. धान्याचं दुकान, भारदस्त आवाज. एका सकाळी तो आवाज पडद्याबाहेरून आला. "बाई, आमच्या पोरीचं बसकर द्या. दिवस बरे न्हायीत."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "बसकर पोरी का है. उनेच उठाके दिंगी तो लेके जाव."

काका मला म्हणाले, "आण गं इकडं."

मी मांडी आणखी घट्ट घातली. "काका, म्या न्हाय उठायची."

पडदा हलला. बाहेर चपला दिसत होत्या, अगदी उंबऱ्याला टेकलेल्या. आत यायची त्यांची छाती नव्हती. आख्ख्या पेठेनं नावं ठेवली असती. चपला गेल्या. मुली हसल्या, मी हसले नाही. काका एवढ्यावर सोडणारे नव्हते.

थोड्या वेळानं पडदा बाजूला झाला आणि काकू आत आल्या. बाईमाणसाला कोण अडवणार? काकांची अक्कल तिथं बरोबर चालली होती. काकूंच्या हाताला पीठ तसंच होतं. जात्यावरून उठवून आणलं होतं त्यांना.

"ऊठ गं बाय," त्या हळूच म्हणाल्या.

"न्हाय, काकू."

त्यांनी बसकराचं टोक धरलं, पण ओढलं नाही. त्या वर भिंतीकडं बघत होत्या, फळ्याकडं, मुलींच्या पाट्यांकडं. शाळा आतून कशी असते हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "आव, बैठो," बाई म्हणाल्या. मी सरकले. काकू माझ्या शेजारी, अर्ध्या बसकरावर टेकल्या. बाईंनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. काकूंनी पाटीवर रेघ ओढली. वाकडी आली. पदरानं पुसून पुन्हा ओढली.

बाहेर काका खाकरले. मग मोठ्यानं खाकरले. "झालं का न्हाय?"

जन्मात नवऱ्यापुढं मान वर न केलेल्या काकू पाटीवरची नजर न काढता म्हणाल्या, "अवो, तुमी व्हा म्होरं. शाळा सुटल्यावर येतो आमी."

काकू पुन्हा कधी शाळेत आल्या नाहीत. त्या दिवशी घरी त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते मी ऐकलं आहे आणि विसरलेले नाही. पण माझं बसकर न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. मी परीक्षा दिली, पास झाले, मोठेपणी मास्तरीण झाले.

पुढं निजाम गेला, ती शाळाही बंद पडली आणि त्या घरात खताचं गोदाम झालं. म्हणून ती नव्हतीच? कार्यक्रमात मी हे सगळं बोलणार आहे, काकूंच्या त्या वाकड्या रेघेसकट. "बसा आता आजी" म्हणून कुणी माझा पदर ओढून बघावाच. ऊठ म्हटल्यावर मी उठले नव्हते, आता बसा म्हटल्यावर बसणार नाही.