एकोणसत्तर म्हणजे किती

रविवार, १६ मार्च २०२५. पैज वीस डॉलरची. हजर माणसं पाच: कॅनडातल्या व्हिटबी गावात ज्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही बसलो होतो तो माझा नागपूरचा मित्र, त्याची बायको, एटोबिकोहून आलेले काका आणि काकू, आणि मी. माझी बायको त्या दिवशी आली नव्हती. ती असती तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

काका माझे नात्याने कोणी नाहीत. इथे आल्यावर पहिला अख्खा हिवाळा ज्यांनी आम्हाला दर शनिवारी आपल्या गाडीतून ग्रोसरीला नेलं, ते काका. तेव्हा ते साठीचे होते, आता एकोणऐंशी पूर्ण झालेत. त्यांच्या थोरल्या भावाने पुण्यात शेवटची दोन वर्षं कोणालाच ओळखलं नव्हतं. आपलंही तसंच होणार, ही भीती काकांनी धरली होती. ते बोलत नसत, पण काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं आणि बायकोने मला. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच नोंदवून ठेवतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल टीम्स कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेल्या असतात. मार्चमध्ये मोठी स्पर्धा होते, आणि कोणाला बोलावणं आलं ते एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होतं. मोठ्या कॉन्फरन्समधल्या सुमार टीमलाही बोलावणं येतं, लहान कॉन्फरन्समधून बहुधा एकच टीम जाते. त्यामुळे कोणती कॉन्फरन्स ओव्हररेटेड हा वाद दर वर्षी रंगतो. आमच्यापैकी बाकी कोणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. काकांचा होता. कॅनडात येण्याआधी ते अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात शिकले होते. तिथल्या जिममध्ये, म्हणजे सामन्यांच्या बंदिस्त हॉलमध्ये, हीटिंग चांगलं होतं आणि विद्यार्थ्यांना सामने फुकट होते, म्हणून ते जायला लागले आणि मग जातच राहिले. आमचे सगळ्यांचे अंदाज दर वर्षी एका निळ्या वहीत लिहून ठेवायचं काम त्यांचं होतं. ती वही त्या दिवशीही त्यांच्या मांडीवर होती.

"तुमची ही मोठी कॉन्फरन्स म्हणजे मोठ्या आडनावाचं स्थळ," काका म्हणाले. "आडनाव ऐकून सगळे हुरळतात. मुलगा काय करतो ते कोणी विचारत नाही."

"अख्खं खानदान घेऊन आलाय ना काका मुलगा," मित्र टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाला. "सख्खे, चुलत, मावस. सगळ्यांना बोलावणं."

"आणि जेवून दुसऱ्या दिवशी परत," काकू म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडला. बांधकामाच्या कंपनीत मी खर्चाचे अंदाज काढतो. माझ्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही, आणि ते मला आवडतं. दुकानाचं बिलही मी दाराशी उभा राहून तपासतो. गेल्या दहा वर्षांचा तक्ता मी करून आणला होता.

"झालं, ऑडिटर उघडले," मित्र म्हणाला. "आता जेवण विसरा बे."

मोठ्या कॉन्फरन्सच्या टीम्स लहानांना बहुतेक वेळा हरवतात, हे तक्त्यात स्पष्ट दिसत होतं. मी रकाने दाखवत विचारलं, "मग ओव्हररेटेड कशा, काका?"

"तक्ता राहू दे रे. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांची अव्वल टीम आमच्या जिममध्ये आली होती. एकोणसत्तरवर रोखलं आम्ही त्यांना. आमचे चौऱ्याहत्तर. आम्हीच जिंकलो. लावतोस वीस डॉलर?"

"लावले," मी म्हणालो. मराठी आकडा ऐकला की मी मनात त्याचं इंग्रजी करतो. पाचवीपासून इंग्रजी शाळेत गेलो, तेव्हापासूनची सवय. तसं केलं आणि मला आनंद झाला. दुसऱ्याची चूक सापडल्यावर होतो तो.

"एक मिनिट, काका. एकोणसत्तर म्हणजे सेव्हन्टी-नाइन. त्यांचे सेव्हन्टी-नाइन, तुमचे सेव्हन्टी-फोर. म्हणजे ते जिंकले की!"

काका थांबले. "मी काय म्हणालो?"

"एकोणसत्तर म्हणालात."

"हो. पण आम्ही जिंकलो होतो. आम्ही सगळे खाली कोर्टवर उतरलो होतो..."

"पाचने हरून?" मी म्हणालो. "काका, हे तर ओव्हररेटेडच्याही पुढचं झालं."

मित्र मोठ्याने हसला. त्याची बायकोही हसली. ते दोघं नेहमी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवतात, तसा तेव्हाही ठेवला. काकूंचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं, काकांच्या चेहऱ्याकडे होतं. काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते, आणि मोजताना घाबरले होते. ते मला दिसलं, तरी मी गप्प बसलो नाही. "कदाचित दुसरा एखादा सामना असेल," असं वरून म्हणालो. समजूत काढल्यासारखं.

"असेल," काका म्हणाले. "हल्ली होतं माझं असं."

मग काकूंच्या तोंडून निघून गेलं, "परवा गॅसही तसाच चालू ठेवला होता ह्यांनी." आणि कोणी हसेना.

काकांनी पाकिटातून वीसची नोट काढून माझ्यासमोर ठेवली. मी नको म्हणालो, पण एकदाच. मित्र विषय बदलायला म्हणाला, "काका, या वर्षी वही ह्याच्याकडे द्या. एक्सेलमध्ये टाकून देईल." काकांनी वही दिली. जाताना त्यांनीच मला नॉर्थ यॉर्कहून गाडीत घेतलं होतं, कारण आमची गाडी बायकोकडे होती. निघताना काकू मला म्हणाल्या, "हायवेवर तू चालव रे." काकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर बसले. एटोबिकोपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "डावीकडे ये आता." तिथून मी सबवेने घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, पण इंग्रजी आकड्यांत सांगितलं. मी कसं पकडलं, तेही सांगितलं.

माझी बायको दर शनिवारी लायब्ररीच्या एका खोलीत मराठी शाळा घेते. २२ मार्चला तिला सोडायला गेलो आणि खुर्च्या मांडून मागे बसलो. फळ्यावर तिने अंकांचा तक्ता लावला होता. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, "But it says सत्तर! So why is it sixty-nine?"

"एकोण म्हणजे एक उणे," बायको म्हणाली. "सत्तराला एक कमी. म्हणून एकोणसत्तर सत्तरच्या आधी येतं. सगळे इथेच चुकतात."

सगळे म्हणजे आठ वर्षांची मुलं, असं तिला म्हणायचं होतं.

तक्त्यावर ६९ समोर एकोणसत्तर लिहिलेलं होतं आणि ७९ समोर एकोणऐंशी. काकांचं वय मी स्वतः एकोणऐंशी म्हणून सांगत असे. तो शब्द पाठ होता, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण एकोणसत्तर साली इकडे आलो, असं काका नेहमी सांगत. मी वर्षानुवर्षं त्यांना दहा वर्षं उशिरा आणून बसवलं होतं.

म्हणजे मोठ्या टीमचे गुण सिक्स्टी-नाइन. काका जिंकले होते. पैज जिंकले होते, सामनाही आठवल्याप्रमाणेच झाला होता. बरोबर आठवत असताना आपल्याला आठवत नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. प्रत्यक्ष सांगितलेलं बरं, असं स्वतःला सांगितलं. मग ऑफिसात एका टेंडरची मुदत होती. मग वाटलं, ते विसरलेही असतील. हे वाटलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं, इतकी मला त्या विचाराची लाज वाटली. तरी फोन केला नाही. खरं कारण एवढंच की मला चुकलो म्हणायची सवय नाही.

५ एप्रिलला, शनिवारी, वही आणि पैसे घेऊन एटोबिकोला गेलो. ड्राइव्हवेत गाडी नव्हती. काकूंनी दार उघडलं.

"गाडी कुठे गेली?"

"मुलगा आला होता ना गेल्या रविवारी. ऑटवात राहतो तो, तिकडे घेऊन गेला. ह्यांनीच सांगितलं त्याला, घेऊन जा."

मी मनात तारखा लावल्या. २२ तारखेला आलो असतो तर गाडी दारात असती.

काका खिडकीपाशी बसले होते. टीव्ही बंद होता. मी उभ्यानेच सांगितलं. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाइन. तुम्ही बरोबर म्हणालात, मी चुकीचं इंग्रजी केलं. मला हे दोन आठवड्यांपूर्वी कळलं आणि मी आलो नाही.

त्यांनी चष्मा लावला. मग म्हणाले, "मी तेच म्हणालो होतो ना?"

"तेच म्हणाला होतात."

"तिला सांग."

काकू स्वयंपाकघरात होत्या. मी तिथे जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसला. "अरे, त्या रात्री झोपले नाहीत ते," एवढंच म्हणाल्या. मग काकांनी व्हिटबीला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. मी तिसऱ्यांदा सांगितलं. मित्र आधी हसला, मग म्हणाला, "काका, मीही हसलो होतो. माझंही चुकलं."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काका, गाडीचं मी मुलाशी बोलू का?"

"नको. गॅस मी विसरलो होतो. ते खरं आहे." मग म्हणाले, "पण हे नव्हतो विसरलो."

वही मी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उघडली, कोरं पान काढलं आणि पेन मला दिलं. "सामना लिही. आणि अक्षरी लिही, चेकवर लिहितात तसं." मी लिहिलं: एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर. दुसरा शब्द लिहिताना अडखळलो. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, "ऱ्या."

मग पैसे दिले. वीस त्यांचे, परत. वीस मी हरलो ते. एकूण चाळीस डॉलर, दोन नोटा, काकांना. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.