मांडवातली सूर्यचूल

जुळे सोलापुरातले निवृत्त प्राध्यापक वेणीमाधव हवामानबदलावर बोलायला उभे राहिले, की लोक चपला शोधायला लागत. पण माणूस चिवट. ऊर्जा आणि अन्नसुरक्षेच्या राज्य समितीवर आपलं नाव लागावं, एवढीच आस. समितीचे अध्यक्ष डॉ. मृत्युंजय तज्ज्ञ-संवादाला सोलापुरात येणार म्हटल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं: पाहुण्यांची भाकरी उन्हावर भाजली जाईल.

आता सोलापुरात उन्हाला काय तोटा? एप्रिलात म्हशीसुद्धा झाडाखालून हलत नाहीत. तज्ज्ञ तर म्हशींहून नाजूक. म्हणून मांडव, वर दुहेरी कापड, चहूबाजूंनी कूलर. आणि सगळ्यांना नीट दिसावी म्हणून सूर्यचूल कुठं मांडली, तर व्यासपीठाशेजारी. मांडवातच.

सकाळभर पृथ्वी वाचवून झाली. जेवणाआधी वेणीमाधवांनी हळूच झाकण उचललं. भाकऱ्या थापल्या तशाच, कच्च्या, गारढोण. तेव्हा कुठं त्यांनी मान वर करून पाहिलं.

मग बायकोच्या, पद्मजाताईंच्या कानाशी लागले. "घरात भाकरी आहे?"

"आहे की. गल्लीतली गंगम्मा विकते ती कडक भाकरी. मागच्या आठवड्यातली."

"घेऊन ये."

"अहो, ती सरपणावर भाजते."

"भाकरीवर लिहिलंय का तसं?"

टाळ्यांच्या गजरात झाकण उघडलं. डॉ. मृत्युंजयांनी भाकरी मोडली; आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

"गार कशी ही?"

"उष्णता वाया जाऊ दिली नाही, सर."

"आणि इथं ऊन कुठाय?"

"विखुरलेल्या प्रकाशावर चालते, सर."

पद्मजाताईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी मात्र शेंगाचटणी-दह्याबरोबर दोन भाकऱ्या फस्त केल्या आणि माईक मागवला. सावलीत चालणारी सूर्यचूल देशाला हवीच, प्राध्यापक समितीवर आलेच. "फक्त पुढच्या महिन्यात मुंबईत एकदा करून दाखवा. पीठ मळण्यापासून, सगळ्यांसमोर."

गळ्यातला हार तसाच ठेवून वेणीमाधव संध्याकाळी गंगम्माच्या दारात. पद्मजाताईंनी गल्लीभर सांगून ठेवलंच होतं.

"गंगम्मा, मुंबईला येशील का आमच्याबरोबर?"

"येते की, सर," गंगम्मा परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली. "पर चूल कुटं मांडू? मांडवात का उन्हात?"