बस्त्यातली हिरवी इरकल

ताईच्या बस्त्याच्या दिवशी मी ट्यूशनला सरळ दांडी मारली. अख्खं लातूर डॉक्टर व्हायला निघालं होतं. एक दिवस मी गेले नाही तर कुणाचं काय बिघडणार होतं! बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लग्नाची कापडं घ्यायची. ते सोडून रसायनशास्त्र कोण शिकणार?

दुकानातल्या गादीवर एका बाजूला आम्ही औश्याकडचे, दुसऱ्या बाजूला मुदखेडहून आलेली मुलाकडची मंडळी आणि मधे साड्यांचा नुसता पूर. दुकानदाराने पैठणी उलटी करून दाखवली, तर मागूनही मोर तस्साच! मी तर वेडीच झाले. तेवढ्यात त्याने हिरवी रेशमी इरकल उलगडली. लाल पदर, साडीच्या उभ्या धाग्यांना कडीत कडी अडकवून जोडलेला. ताईची नजर तिच्यावरच खिळली.

माझ्या शेजारी बसलेल्या आईचीही लग्नातली इरकल अशीच होती. भूकंपात घर बसलं तेव्हा ती पेटीसकट दगडांखाली गेली. तेव्हापासून आई मदतीत आलेल्या नायलॉनच्या साड्याच नेसायची. नवी आणू म्हटलं की चक्क चिडायची.

ताईलाही इरकलच मिळायला हवी, असं मी मनाशी पक्कं केलं. पण नवरीची साडी मुलाकडचे पसंत करतात, आणि नवरीने बस्त्यात तोंड उघडायचं नसतं. ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी नारायणपेठ पुढे ओढली. "आमच्याकडं हीच नेसत्यात. चौकडा बघा किती बारीक हाय!"

आमची आत्या फणकारली, "आमच्यात नवरी इरकलीतच उभी राहती!"

झालं, जुंपली! मागवलेला चहा गार झाला.

शेवटी सासूबाईच हसल्या. "भांडून काय उपेग? पोरीलाच इचारू. सांग गं, तुला कोणती?"

ताईने मान खालीच ठेवली, पण बोलली. "मला नारायणपेठ लई आवडली."

मला तिला कडकडून चिमटा काढावासा वाटला. मग तिने ती इरकल उचलून सासूबाईंपुढे ठेवली. "विहिणीच्या मानाची साडी तुम्ही आईला देणारच की. ही द्या. मानाची म्हटल्यावर तिला न्हाई म्हणता यायचं न्हाई."

सासूबाई स्वतः उठल्या. दुकानातल्याच करंड्यातलं हळदीकुंकू आईला लावून त्यांनी इरकल तिच्या हातात दिली. आईने ती तिथेच उलगडली, पदर खांद्यावर टाकला आणि आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं, "बरी दिसती का मला?"