पेजेत बुडवलेला दोर

बिसेनबाबू दोराचं टोक उसवल्याशिवाय बिल्टी लिहीत नसत. गोंदिया स्टेशनच्या मालगोदामात ते मालबाबू होते. दोराची गाठोडी काट्यावर चढली, की कण्हत खुर्चीतून उठायचे, टोकाचा पीळ उलटा फिरवून तंतू मोकळे करायचे आणि एखादा दाढेखाली धरायचे. मग भाड्याच्या जाड पुस्तकात बोट घालून, माल भाड्याच्या कुठल्या वर्गात बसतो ते सांगायचे. कोणी घाई केली तर म्हणत, "मालकाचं तोंड मंग पाहीन जी. आधी दोराचं पाहू द्या."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. देवरीकडच्या आठ-दहा घरांची दोर वळणाऱ्यांची सोसायटी मी उभी केली होती. अंबाडीचा दोर, हाताने वळलेला. वऱ्हाडातला एक व्यापारी तो घेणार होता, पण रेल्वेचं भाडं खालच्या वर्गाचं लागलं तरच. हातचा जाडाभरडा दोर खालच्या वर्गात, गिरणीची घोटीव सुतळी वरच्या. वरचा वर्ग लागला असता तर ती घरं पुन्हा लाकडाच्या ठेकेदाराच्या दारात मजुरीला उभी राहिली असती.

अक्कल मीच चालवली. गरिबाचा माल गबाळाच का दिसावा? मी सगळा दोर भाताच्या पेजेत बुडवायला लावला, गोणपाटाने घासून चकचकीत करायला लावला आणि प्रत्येक गुंडाळीवर छापील चिठ्ठी चिकटवली. दोर वळणाऱ्यांतला म्हातारा सुकराम तेवढा म्हणाला, "बैलाले बांधाचा दोर हाय बाबू, नवरदेव नाही." मी हसलो.

मालगोदामात बिसेनबाबू टोकाशी झटू लागले. पेज वाळून पीळ घट्ट बसला होता, उसवेना. त्यांनी चिठ्ठी वाचली.

"हा वरच्या वर्गात जाते."

"हातचा आहे," मी ओरडलो.

"मले दिसून राहिलं. पण पुस्तकात घोटीव लिहिलं हाय, अन् तुमी घोटून आणला. कायले घोटला जी?"

मी तडक छापखाना गाठला. दुसऱ्या दिवशी बाजारात आणि फलाटावर माझं पत्रक वाटलं गेलं : 'मालबाबू गरिबांचा की गिरणीवाल्यांचा?' एक प्रत वरच्या साहेबाला धाडली. लिहिताना फार बरं वाटलं होतं.

मी छापखान्यात होतो तेव्हा मालगोदामात काय घडलं, ते मालापाशी थांबलेल्या सुकरामने मला नंतर सांगितलं. बाबूंनी दोराचं टोक लोट्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलं. चहा पिऊन होईतो पेज सुटली, तंतू मोकळे झाले. "तळ्यात धुवा, वाळवा, चिठ्ठ्या काढा अन् आणा," ते म्हणाले. तीन दिवसांनी तोच दोर खालच्या वर्गात रवाना झाला.

मग साहेब आले, माझं पत्रक हातात घेऊन. एकाच मालाला तीन दिवसांत दोन वर्ग लावलेले त्यांना नोंदवहीत सापडले. पहिली नोंद खोडावी, हे बाबूंना सुचलंच नव्हतं.

"ये क्या है?"

"साहब, पहले पॉलिश था. फिर धुल गया."

खरं तेच होतं. साहेबांना ती थट्टा वाटली. बाबूंची बदली अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीवरच्या एका आडस्टेशनात झाली.

मी त्यांच्या घरी गेलो. माझी चूक कबूल करणारं दुसरं पत्रक काढतो, म्हणालो. ते भांडी पेटीत भरत होते.

"नोको जी. एकच वाचून थकलो."

"पण तुमच्यावर अन्याय झाला."

"इतकी वर्षं दोर चावून दाढ गेली माही. तिकडं निसता बिडीचा तेंदूपत्ता हाय. चावा नाही लागत." मग पेटीचं झाकण लावत, "ते दुसरी नोंद पाहिली ना साहेबानं? खोडली तर नाही?"

खोडली नव्हती. नवा बाबू काही उसवत नसे, चावत नसे. ती नोंद पाही आणि खालचा वर्ग लिही. सोसायटीचा माल पुढे सगळा त्याच एका ओळीवर गेला.

ते गेले त्या सकाळी फलाटावर मी आणि सुकराम दोघंच होतो. बाबूंची वळकटी सुकरामने स्वतः वळलेल्या दोराने बांधली होती. छोटी गाडी लागली. बाबूंनी वळकटी उचलायला हात घातला आणि सवयीने दोराचं टोक उसवून पाहिलं.

"हातचा हाय," ते म्हणाले आणि गाडीत चढले.